फिल्टर लावला कुणी आणि काढायचा कुठून?

बेळगावच्या मंडळाच्या विसर्जन मिरवणुकीचा व्हिडिओ यूट्यूबवर चढतो. पुण्यात नोकरीला असलेला भाऊ फोन करतो, "कमेंट टाकलोय, वाचलास काय?" इकडं घरातल्या फोनवर व्हिडिओ व्यवस्थित चालतो, पण खाली कमेंटची जागा रिकामी. कमेंट दिसत नाहीत असं काहीतरी लिहिलेलं असतं. मग मोबाइलच्या दुकानात जाऊन "यूट्यूब बिघडलंय बघा की" अशी तक्रार होते. दुकानातलं पोरगं ॲप काढून परत टाकतं, कधी कधी फोनच रिसेट करतं.

बहुतेक वेळा बिघडलेलं काहीच नसतं. कुणीतरी रिस्ट्रिक्टेड मोड चालू केलेला असतो, मराठी मेनूत तो 'प्रतिबंधित मोड' म्हणून दिसतो. हा मोड चालू असला की यूट्यूब सगळ्याच व्हिडिओंच्या कमेंट झाकतं, मग त्या चांगल्या असोत वा वाईट. फिल्टर चालू आहे का, हे ओळखायची सगळ्यात सोपी खूण हीच.

आता तो लावला कुणी? इथंच गोंधळ होतो, कारण 'फिल्टर' या एका नावाखाली चार वेगवेगळ्या गोष्टी मोडतात. एक व्हिडिओवरच चिकटवलेली असते, दुसरी ॲपमध्ये, तिसरी खात्यात किंवा प्रोफाइलमध्ये आणि चौथी इंटरनेटच्या जोडणीत. ॲपमध्ये लावलेला फिल्टर खात्यात शोधत बसलात तर दिवस जाईल. म्हणून चालू-बंद करण्याआधी तो बसलाय कुठं ते बघायचं.

रिस्ट्रिक्टेड मोड ॲपमध्ये किंवा ब्राउझरमध्ये बसतो. फोनवर यूट्यूब उघडा, आपल्या फोटोच्या गोलावर दाबा, वरच्या कोपऱ्यातलं दातेरी चाकाचं चिन्ह दाबा, मग 'जनरल'. त्या यादीत हा मोड सापडतो. आपल्याकडं बऱ्याच घरांत फोनचा मेनू कन्नडमध्ये असतो, कारण घेताना दुकानदाराने तसा लावून दिलेला असतो किंवा शाळेतल्या पोराने बदललेला असतो. घरातल्या ज्यांना कन्नड अक्षर लागत नाही त्यांनी चाकाचं चिन्ह लक्षात ठेवलं तरी तिथपर्यंत पोचता येतं. संगणकावर फोटोच्या गोलावर दाबल्यावर उघडणाऱ्या यादीत अगदी तळाला हा पर्याय असतो.

मेख अशी की तुम्ही फोनच्या ॲपमध्ये मोड चालू केलात तरी त्याच फोनच्या क्रोममध्ये यूट्यूब उघडलं तर तिथं तो लागू नसतो. टीव्हीवर लावायचा तर टीव्हीच्या ॲपमध्ये जाऊन वेगळा लावायचा. संगणकावर इनकॉग्निटो (बघितल्याची नोंद न ठेवणारी) खिडकी उघडली की तिथंही फिल्टर नाही. आई-वडिलांना वाटतं एकदा लावलं म्हणजे झालं, पण पोराला दुसऱ्या दिवशी पळवाट सापडलेली असते. शिवाय या मोडला स्वतःचा पिन नाही. ज्या बटणाने तो चालू होतो त्याच बटणाने कुणीही बंद करू शकतो.

मग हा मोड ठरवतो कसा काय दाखवायचं आणि काय झाकायचं? व्हिडिओचं शीर्षक, खाली लिहिलेलं वर्णन, त्याला जोडलेली माहिती, वयाचं बंधन घातलंय का, अशा खुणा यंत्रणा बघते. दारू आणि अमली पदार्थ, लैंगिक प्रसंग, मारामारी, शिव्या आणि लोकांना हिणवणारा मजकूर हे विषय तर त्यात आहेतच, पण दहशतवाद, युद्ध, गुन्हे आणि राजकीय संघर्ष यांचे बारीक तपशील देणारे व्हिडिओही या गाळणीत येतात. हे शेवटचं आपल्याला नीट समजून घ्यायला हवं. सीमालढ्यातल्या १७ जानेवारीच्या हुतात्मा दिनानिमित्त कुणी जुन्या आंदोलनाचा, लाठीमाराचा आणि गोळीबाराचा इतिहास सांगणारा व्हिडिओ टाकला, तर तो या मोडमध्ये दिसेनासा होऊ शकतो. झाकणाऱ्याच्या मनात सीमाप्रश्न वगैरे काही नसतं. शीर्षकातला गोळीबार यंत्राला कळतो, त्यामागची गोष्ट कळत नाही.

उलट बाजूही तितकीच खरी. मराठीत सुरू होऊन कन्नडमध्ये संपणारी, मध्येच हिंदी ठेवून देणारी आपल्याकडची द्वयर्थी कॉमेडी यंत्राच्या हातून सहज निसटते. यूट्यूब स्वतःच सांगतं की हा मोड सगळ्या भाषांत मिळतो, पण ठिकठिकाणच्या रीतिरिवाजांत फरक असल्याने त्याचा दर्जा सगळीकडं सारखा नसतो. माझ्या मते आपल्या मिश्र बोलीसाठी तर या मोडवर फार भरवसा टाकू नये. २०१० मध्ये हा 'सेफ्टी मोड' या नावाने आला, आणि २०१७ मध्ये त्याची मोठी फजिती झाली. समलिंगी आणि पारलिंगी लोक आपल्या साध्या रोजच्या जगण्याबद्दल बोलत होते, असे व्हिडिओही तो झाकत होता. यूट्यूबला चूक मान्य करावी लागली.

त्यामुळं मोठ्या माणसाने हा मोड बंद ठेवला तर त्यात लपवण्यासारखं काही नाही. नर्सिंगला शिकणाऱ्या मुलीला प्रसूतीचा किंवा स्तनांच्या तपासणीचा व्हिडिओ हवा असतो, 'नीट' परीक्षेची तयारी करणाऱ्याला प्रजननसंस्थेचा धडा हवा असतो. घरात लहान पोरं आहेत म्हणून तिचाही रस्ता बंद करायचा काय? तिला तिचं वेगळं खातं द्यायचं, हे उत्तर.

कधी कधी मोडचं बटण दिसतं, पण सरकतच नाही. 'प्रशासकाने लावलाय' अशा अर्थाची ओळ दिसते. कॉलेजच्या, ऑफिसच्या वायफायवर हे हमखास होतं. त्या जोडणीवर व्यवस्थापकाने यूट्यूबचा फिल्टर बसवलेला असतो आणि तुमच्या फोनला तो हलवता येत नाही. मोबाइल डेटावर आलात की सुटतो. पण एखाद्या विद्यार्थ्याने फोनमध्ये कॉलेजने दिलेल्या ईमेल आयडीने लॉगिन केलं असेल, तर तो खानापूरला घरी गेला तरी बंधन सोबत जातं, कारण ते खात्याला लागलेलं असतं. तिथं यूट्यूबमध्ये स्वतःचा आयडी निवडायचा. बंधन नेमकं कुठून आलंय हे सांगणारं यूट्यूबचं एक पानही आहे: यूट्यूबच्या पत्त्यापुढं तिरकी रेघ मारून 'चेक', 'कंटेंट' आणि 'रिस्ट्रिक्शन्स' हे तीन शब्द इंग्रजीत, मध्ये अंडरस्कोर घालून टाइप करायचे. जोडणीचं बंधन आहे की खात्याचं, ते तिथं दिसतं.

व्हिडिओवर चिकटवलेलं बंधन याहून वेगळं. काही व्हिडिओंना १८ वर्षांखालच्यांसाठी नाही असा शिक्का असतो. तो बघायला लॉगिन लागतं आणि खात्यातली जन्मतारीख १८ वर्षं पूर्ण झाल्याचं सांगणारी लागते. रिस्ट्रिक्टेड मोड बंद करून हा शिक्का उठत नाही. चाळीस वर्षांच्या गृहस्थांना 'तुमचं वय बसत नाही' असं उत्तर आलं तर समजावं की खातं उघडून देणाऱ्याने जन्मसाल काहीतरीच टाकलंय. ते गूगल खात्याच्या वैयक्तिक माहितीत जाऊन दुरुस्त करता येतं, गूगल त्यासाठी सरकारी ओळखपत्र किंवा क्रेडिट कार्ड मागू शकतं. 'वय वाढवून देतो, ओटीपी सांगा' म्हणणारा कुणी भेटला तर त्याच्यापासून लांब राहावं.

आता मुलांकडं वळू. एकाच फोनवर आज्जी कीर्तन ऐकते, सून रेसिपी बघते, मोठा क्रिकेट आणि धाकटा कार्टून. एकाच खात्यावर हे सगळं चालतं, म्हणून धाकट्यापुढं मोठ्याच्या आवडीचं येतं आणि आज्जीपुढं भलतंच काहीतरी. अशा घरात फिल्टरपेक्षा वेगळं खातं आणि वेगळं प्रोफाइल जास्त कामाचं. फिल्टर फक्त झाकतो, समोर काय येणार ते बघण्याच्या सवयीवरून ठरतं, आणि त्या सवयी एकमेकांत मिसळल्या की झाकायचं काम दुप्पट होतं.

अगदी लहानांसाठी यूट्यूब किड्स हे वेगळं ॲप आहे, भारतात ते २०१६ मध्ये आलं. त्यात चार वर्षांपर्यंत, पाच ते आठ आणि नऊ ते बारा असे वयाचे टप्पे आहेत. शिवाय 'मीच मंजूर केलेलं दाखव' असा एक पर्याय आहे. त्यात तुम्ही निवडलेले चॅनेल आणि व्हिडिओ सोडून पोराला दुसरं काहीच दिसत नाही, शोधायची सोयही बंद होते. मेहनत आहे, पण चार वर्षांच्या पोरासाठी मला हाच पर्याय पटतो. एक गंमत मात्र ध्यानात ठेवा: पालकांच्या सेटिंगमध्ये शिरण्यासाठी हे ॲप एक गुणाकार विचारतं. सरकारी मराठी शाळेतल्या, पाढे पाठ असलेल्या चौथीच्या पोराला तो अडवणार नाही. त्याऐवजी स्वतःचा कोड टाकायची सोय आहे, ती वापरा.

थोड्या मोठ्यांसाठी गूगलचं फॅमिली लिंक. मुलाचं खातं पालकाच्या खात्याला जोडायचं आणि यूट्यूबसाठी तीनपैकी एक पातळी निवडायची: साधारण ९ वर्षांपुढची, १३ वर्षांपुढची, किंवा १८+ शिक्का असलेलं सोडून जवळजवळ सगळं. हे सेटिंग पालकाच्या फोनवरून बदलतं, म्हणजे माणूस घरात असायलाच पाहिजे असं नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्रच बेळगावात. उचगाव, येळ्ळूर, कडोली भागात एखादा फौजी बाप राजस्थानात ड्यूटीवर असला तरी गावातल्या पोराचा फोन तिथून सांभाळू शकतो, दोन्हीकडं नेट असलं म्हणजे झालं. गोव्याला कामाला जाणाऱ्यांनाही हेच लागू. रोमिंगवर नाव महाराष्ट्राचं येवो वा गोव्याचं, फिल्टर तसाच राहतो. निपाणीत टॉवर कोल्हापूरकडचा पकडला म्हणून काही बदलत नाही, यूट्यूब ठिकाण देशावर मोजतं, राज्यावर नाही.

नेटफ्लिक्स, प्राइम व्हिडिओ, जिओहॉटस्टार यांचा हिशेब वेगळा, कारण त्यांच्या मागं कायदा आहे. केंद्र सरकारने २५ फेब्रुवारी २०२१ रोजी माहिती तंत्रज्ञानाचे नवे नियम आणले. त्यानुसार अशा सेवांवरच्या प्रत्येक चित्रपटाला, मालिकेला पाचपैकी एक वर्ग लागतो: यू, यूए ७+, यूए १३+, यूए १६+ आणि ए. यूए १३+ आणि त्यावरच्या मजकुराला पालकांचं लॉक देणं सेवेवर बंधनकारक आहे, आणि 'ए' साठी बघणाऱ्याचं वय पक्कं करण्याची व्यवस्था असावी असं नियम म्हणतो. मालिका सुरू होताना वर्ग आणि 'हिंसा', 'भाषा' असे शब्द कोपऱ्यात येतात ते याचमुळं.

हा वर्ग देतो कोण, हे फार कमी जणांना माहीत असतं. थिएटरच्या चित्रपटाला सेन्सॉर बोर्ड प्रमाणपत्र देतं, १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली. ओटीटीवर, म्हणजे नेटफ्लिक्ससारख्या इंटरनेटवरच्या सेवांवर, मात्र वर्ग ती कंपनी स्वतः लावते. त्यामुळं एकाच चित्रपटाला दोन ठिकाणी दोन वर्ग लागू शकतात. थिएटरमध्ये पूर्वी नुसतं 'यूए' असायचं, २०२३ च्या दुरुस्तीने तिथंही ७+, १३+ आणि १६+ असे भाग झाले. जुन्या चित्रपटाच्या प्रमाणपत्रावर अजून साधं यूए दिसेल, ते त्या काळचं.

नेटफ्लिक्सवर सेटिंग प्रोफाइलला लागतं. खात्याच्या पानावर जाऊन मुलाचं प्रोफाइल निवडायचं, पॅरेंटल कंट्रोल उघडायचं, पासवर्ड टाकायचा आणि कुठल्या वर्गापर्यंत दाखवायचं ते ठरवायचं. एखादीच मालिका नको असेल तर तिचं नाव टाकून तेवढीच झाकता येते. पण खरी पळवाट वेगळीच असते. मुलाचं प्रोफाइल बांधलं, पण मोठ्यांचं उघडं ठेवलं, तर पोरगं सरळ बाबांच्या चित्रावर दाबतं. म्हणून मोठ्यांच्या प्रोफाइलला चार अंकी पिन लावायचा, आणि नवीन प्रोफाइल करायलाही पिन लागेल असा पर्याय चालू करायचा. तो राहिला तर पोरगं नवीन प्रोफाइल काढतं आणि त्याला कसलंच बंधन नसतं. फिल्टर काढायचा असेल तर याच ठिकाणी पासवर्ड टाकून वर्ग वर सरकवायचा. 'आमच्या टीव्हीवर अमुक सिनेमा शोधूनही सापडत नाही' या तक्रारीचं मूळ कधी कधी एवढंच असतं की टीव्हीवर मुलांचं प्रोफाइल उघडं आहे.

प्राइम व्हिडिओचा पिन पाच अंकी असतो, आणि बंधन कुठल्या उपकरणांवर लागू हे निवडावं लागतं, फोन निवडला आणि टीव्ही राहिला असं होऊ नये. बाकीच्या ॲपमध्येही किड्स प्रोफाइल आणि पिन, थोड्याफार फरकाने असंच. पिन म्हणून घरातल्या गाडीचा नंबर ठेवू नका, एवढंच सांगतो.

राहिली जोडणी. बऱ्याच जणांची अपेक्षा असते की केबलवाल्यानेच राउटरमधून 'वाईट व्हिडिओ' बंद करावेत. तो करू शकत नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. आजकाल बहुतेक सगळी वाहतूक एनक्रिप्ट होऊन जाते. राउटरला पाकिटावरचा पत्ता दिसतो, आतली चिठ्ठी दिसत नाही. कुणी यूट्यूबवर गेलं हे त्याला कळतं, तिथं कुठला व्हिडिओ लावला हे कळत नाही. त्यामुळं तो अख्खी साइट बंद करू शकतो, साइटच्या आतलं निवडून झाकू शकत नाही. कॉलेजच्या वायफायवर झाकायचं काम यूट्यूबच करतं, जोडणी फक्त तसं सांगते.

अख्ख्या अश्लील साइट बंद करायच्या असतील तर मात्र जोडणीचा फिल्टर चांगला चालतो. क्लाउडफ्लेअर या कंपनीची २०२० पासून एक मोफत सेवा आहे: राउटरच्या डीएनएसच्या (साइटचा पत्ता शोधून देणाऱ्या सोयीच्या) जागी १.१.१.३ आणि १.०.०.३ हे आकडे, अर्थात इंग्रजी अंकांत, घालायचे. घातक आणि प्रौढांसाठीच्या साइटचा पत्ता ती देतच नाही. राउटरचा पासवर्ड जोडणी करून दिलेल्या पोराकडं असतो, त्याला सांगितलं की पाच मिनिटांचं काम. वायफाय सोडून मोबाइल डेटावर गेलं की हे सुटतं. ते थांबवायला अँड्रॉइड ९ पासूनच्या फोनमध्ये नेटवर्कच्या सेटिंगमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' आहे, तिथं 'फॅमिली डॉट क्लाउडफ्लेअर हायफन डीएनएस डॉट कॉम' हा पत्ता इंग्रजीत टाकायचा. व्हीपीएन ॲप (जोडणी दुसऱ्याच वाटेने फिरवणारं) टाकणारा पोरगा हेही ओलांडतो. त्यासाठी प्ले स्टोअरच्या पॅरेंटल कंट्रोलमध्ये पिन घालून वयाची मर्यादा लावता येते, पण व्हीपीएन ॲपना सहसा तीन वर्षांपुढचा वर्ग असतो, म्हणून ती मर्यादा तिथं उपयोगी पडत नाही. नवीन ॲप घेण्याआधी पालकाची परवानगी लागावी ही फॅमिली लिंकमधली सोय तिथं खरी कामाला येते.

व्हॉट्सॲपवर ग्रुपमधून आलेला व्हिडिओ आणि टेलिग्रामवरून उतरवलेला चित्रपट यांना वरचं काहीही लागू होत नाही. फाइल फोनच्या गॅलरीत असते, तिच्यावर ना वर्ग, ना शिक्का. व्हॉट्सॲपमध्ये मीडिया आपोआप उतरणं बंद करता येतं, घरातल्या सामाईक फोनवर ते करून ठेवावं. मार्च २०२४ मध्ये केंद्राने १८ आणि जुलै २०२५ मध्ये २५ ओटीटी सेवा अश्लीलतेच्या कारणावरून बंद करायला लावल्या, पण अशा मजकुराच्या उतरवलेल्या क्लिप हाताहातांतून फिरायला कुठली सेवा लागत नाही.

ओटीटीवर चुकीचा वर्ग लावलाय, म्हणजे ७+ म्हणून लावलेल्या मालिकेत भलतंच निघालं, तर तक्रार करता येते. प्रत्येक सेवेला भारतात तक्रार अधिकारी नेमावा लागतो, नाव आणि पत्ता ॲपच्या किंवा वेबसाइटच्या तळाला असतो. त्याने १५ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. नाही दिला किंवा पटला नाही तर कंपन्यांच्या स्वनियमन मंडळाकडं, आणि त्यानंतर केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या देखरेख व्यवस्थेकडं. यूट्यूबवरच्या व्हिडिओसाठी त्याच्याखालचं 'रिपोर्ट' वापरायचं, तिथला मार्ग वेगळा. तक्रारीत मालिकेचं नाव, भाग, कितव्या मिनिटाला काय आहे, आणि कोपऱ्यातला वर्ग दिसेल असा स्क्रीनशॉट जोडावा.